विहिरीतला सापमार

उलव्याहून निघालो तेव्हा सेक्टरातले दिवे अजून चालू होते. मागच्या सीटवर दुर्बीण, पक्ष्यांचं पुस्तक, दोघांचे स्वेटर आणि तांदळाच्या भाकऱ्यांचं गाठोडं. सोबत सुक्या जवळ्याची चटणी. जानेवारीची थंडी आमच्याकडे नावापुरतीच असते, तरी रंजनानं घरूनच पायमोजे घातले होते.

"माणात लय थंडी हाय म्हनं," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून डोळे मिटून बसली.

रंजना माझी बायको. उरणच्या बाजूच्या एका खाडीगावातली. उन्हाळ्यात तिची आई गेली, तेव्हापासून ती घराबाहेर फारशी पडली नव्हती. स्वयंपाक करायची, टीव्ही लावून त्याच्यासमोर बसायची, विचारलं तर उत्तर द्यायची. पण एके काळी हिचा जो आवाज तिसऱ्या मजल्यावरून खाली भाजीवाल्यापर्यंत पोचायचा, तो आवाज घरातून नाहीसा झाला होता. मुलगा बेंगळुरूला. त्याचा फोन आला की "बरी हाय" एवढंच सांगून ती माझ्या हातात फोन द्यायची.

माझं म्हणाल तर बंदरातली नोकरी संपल्यावर मला पक्ष्यांचा नाद लागला. घरामागे खाडीकाठी पाणथळ आहे, तिथं हिवाळ्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. फिरायला जाता जाता ते बघायला लागलो, मग दुर्बीण घेतली, मग पुस्तक. पाण्यातले पक्षी ओळखू यायला लागले, तशी माळावरच्या पक्ष्यांची ओढ लागली. त्यातही धाविक. तांबूस रंगाचा, लांब पायांचा, उडण्यापेक्षा पळणं पसंत करणारा हा पक्षी कोरड्या माळरानावर राहतो. मी तो फक्त चित्रात पाहिला होता.

आमच्या सोसायटीत विलास काटकर राहतो. वाशीच्या मार्केटात त्याचा कांद्याचा गाळा आहे आणि गाव माण तालुक्यात. धाविकाचं चित्र त्याला दाखवलं तर तो हसायलाच लागला.

"ह्यो? ह्यो तर आमच्या माळावर हिंडत असतो. थोरल्या भावाला सांगतो. वहिनींनाबी न्या. दोन दिस राहा, हुरडा खावा, जीवाला बरं वाटंल."

रंजना आधी नकोच म्हणत होती. शेवटी विलासची बायको वर आली, "ताई, आमच्या घरला कुणी येत न्हाय ओ मुंबईचं," म्हणाली, आणि रंजनाला नाही म्हणता येईना.

पनवेल मागे पडलं, घाट चढलो, पुणं बगलेनं ओलांडलं. शिरवळला महामार्ग सोडून लोणंदच्या रस्त्याला लागलो आणि गाडीच्या काचा खाली केल्या. लोणंदच्या अलीकडे चहाला थांबलो. टपरीवाल्यानं कपाऐवजी काचेच्या ग्लासात, वर साय धरलेला चहा दिला. रंजनानं तो अर्धा प्यायला आणि उरलेला माझ्याकडे सरकवला. फलटणपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवलेला होता. एका ट्रॅक्टरच्या मागे आम्ही इतका वेळ होतो की त्याच्या ट्रॉलीवर रंगवलेलं 'आईचा आशीर्वाद' मला पाठ झालं. मोगराळे घाट चढून वर आलो आणि हिरवं सगळं एकदम संपलं. उघडे डोंगर, पिवळं गवत, मध्येच ज्वारीची पट्टी, आणि आभाळ एवढं मोठं की गाडी हळू झाली ती आपोआप.

इथून तारांवरचे पक्षी सुरू झाले. वेडे राघू ओळीनं बसलेले. एका खांबावर खाटीक पक्षी, डोळ्यांवर काळी पट्टी ओढून. पुढच्या तारेवर नीलपंख बसला होता. बसलेला असताना मातकट दिसतो, पण उडाला की पंखांत दोन निळे रंग असे उघडतात की बघणाऱ्यानं गाडी चालवू नये. मी चालवत होतो. त्यामुळे वळण चुकलो आणि डांबरी रस्ता सोडून कुणाच्या तरी कांद्याच्या शेताकडे जाणाऱ्या वाटेवर येऊन अडकलो.

समोरून मेंढरं आली. गाडीच्या दोन्ही बाजूंनी त्यांचा लोंढा घासून जाऊ लागला. मागून खांद्यावर घोंगडी टाकलेला मेंढपाळ आला, माझ्या खिडकीशी थांबला.

"कुठं निघालायसा?"

मी वाडीचं नाव सांगितलं आणि म्हणालो, "पक्षी बघायला आलोय."

"कसला पक्षी?" त्यानं काळजीनं विचारलं. "हरवलाय व्हय?"

शेजारी रंजनाच्या नाकातून हसू फुटल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं तर ती पुन्हा खिडकीबाहेर बघत होती. मेंढपाळानं काठीनं वाट दाखवली, "त्या लिंबापास्नं डाव्या अंगाला," आणि जाता जाता मेंढरांनाच सांगितल्यासारखं बोलला, "पाखरं बघाय आल्याती म्हनं."

वाडीचं नाव मी इथं देत नाही. माळावरच्या पक्ष्यांची जागा एकदा छापून आली की दुसऱ्या रविवारी तिथं गाड्यांची रांग लागते, हे मी आमच्या खाडीवर पाहिलं आहे. दहिवडीपासून फार लांब नाही, एवढं पुरे.

विलासचे थोरले भाऊ बाळासाहेब. त्यांना सगळे आबा म्हणतात. साठीपुढचे, उंच, बोलताना दोन्ही हात मागे बांधून उभे राहणारे. त्यांची पत्नी सुमनवहिनी दारातच तांब्याभर पाणी घेऊन उभ्या होत्या. घर नवं, स्लॅबचं, पण जेवायला बसलो ते मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, चुलीशेजारी. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याचा ठेचा आणि घट्ट दही. ठेचा असा की माझ्या कानांतून वाफ निघाली. वहिनी म्हणाल्या, "आज पावनं आलं म्हनून कमी तिखट केलाय."

रंजनानं आपलं गाठोडं उघडून तांदळाच्या भाकऱ्या पुढे केल्या. वहिनींनी एक हातात घेऊन उजेडात धरली. "किती पातळ ओ! हिच्या आरपार दिसतंय." मग दोघी भाकरीवर बोलू लागल्या. बोलणं म्हणजे वहिनी विचारत होत्या आणि रंजना थोडक्यात सांगत होती. पण सांगत होती.

संध्याकाळी आबांबरोबर वाडीबाहेरच्या कच्च्या रस्त्यानं पायी हिंडून आलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी, पलीकडे गवताळ माळ. चंडोल पायांपुढून उठत आणि पाचपन्नास पावलांवर जाऊन पुन्हा मातीत मिसळून जात. गवतावरून अगदी खालून, पंख वर धरून तरंगत एक भोवत्या गेला. हा हिवाळ्यात फार लांबून येणारा शिकारी पक्षी. आबांना नाव ठाऊक नव्हतं, पण "ह्यो थंडीत येतो आन उन्हाळ्याच्या तोंडाला जातो" एवढं ठाऊक होतं. धाविक दिसला नाही. आबा म्हणाले, "सकाळच्याला माळाच्या त्या टोकाला जाऊ. तितं नक्की."

सकाळी थंडी खरोखरच होती. गाडीच्या टपावर दव जमलं होतं. मी आणि आबा निघालो तर वहिनींनी रंजनालाही गाडीत बसवलं.

"माळाच्या वाटंवरच आमची ज्वारी हाय. येताना हुरड्याची कणसं तोडून आना. ताईंस्नी दाखवा कोवळी कशी वळखायची ती."

रंजना शाल गुंडाळून मागे बसली. मी आरशातून बघितलं. तिची नजर बाहेर होती, पण कशावर आहे ते कळत नव्हतं.

माळाच्या निम्म्या वाटेवर, आबांच्या रानाच्या जरा अलीकडे, कावळ्यांचा कालवा ऐकू आला. दहाबारा कावळे एका विहिरीवर घिरट्या घालत होते, खाली झेपावत होते, पुन्हा वर येत होते. कावळे असा गोंधळ करतात तो बहुतेक घुबडावर. विहिरीच्या कपारीत घुबड असणार असं वाटून मी गाडी थांबवली आणि दुर्बीण घेऊन काठाशी गेलो.

विहीर मोठी, गोल, बिनकठड्याची. पाणी खूप खोल होतं, काळंशार. त्यात मोटारीच्या काळ्या पाइपाला चिकटून काहीतरी तरंगत होतं. मला आधी ते सिमेंटचं रिकामं पोतं वाटलं. तेवढ्यात पोत्यानं मान वर केली.

पिवळेजर्द डोळे. घुबडासारखं मोठं, गोल डोकं. भिजून काळपट झालेली पिसं. मी दुर्बीण लावली. सापमार गरुड होता तो. सापांवर जगणारा, माळावर उंच एका जागी पंख फडफडवत थांबणारा आणि मग दगडासारखा खाली येणारा. काठाच्या गवतात साप दिसला असेल, त्याच्या मागे येऊन हा आत गेला असेल, किंवा कावळ्यांनी हुसकून आत पाडला असेल. कसं झालं ते कुणाला कळणार? एक पंख पाण्यावर पसरलेला, दुसरा पाइपाच्या मागे अडकल्यासारखा. नख्यांनी पाइप धरायला बघत होता आणि पाइप गुळगुळीत. घसरायचा, पंख मारून पुन्हा यायचा. प्रत्येक वेळी पाण्याच्या वर राहणारा भाग थोडा कमी व्हायचा.

"आबा, हा मरेल," मी म्हणालो.

"हीर खोल हाय," आबा काठावरून वाकून म्हणाले. "पायऱ्या न्हाईत. ह्या कड्या हाईत, पन गंजल्याल्या. पाय दिला तर मानूस खाली."

मागून गाडीचं दार वाजलं. रंजना काठाशी येऊन उभी राहिली.

"काय हाय बावीत?" (आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात.) तिनं खाली बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग माझा दंड धरून ओरडली, "अवो, तो जिता हाय! उभं काय ऱ्हायलाय? काराना त्याला!"

काराना म्हणजे काढा ना. त्या विहिरीत तिचा आवाज घुमून परत आला. सहा-सात महिन्यांत हा आवाज मी ऐकला नव्हता. गरुड खाली बुडत होता आणि मी क्षणभर बायकोकडे बघत उभा राहिलो.

आबांनी वनरक्षकाला फोन लावला. तो तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला होता. लगेच निघतो म्हणाला, पण पोचायला वेळ लागणार हे त्यालाही कळत होतं. फोनवरच त्यानं सांगितलं: हातानं धरू नका, नख्या फार वाईट असतात. स्वतः आत उतरू नका. काही तरंगणारं सोडता आलं तर सोडा.

मी बाभळीची एक वाळकी फांदी गाडीतल्या दोराला बांधून आत सोडली. फांदी पाण्यावर आडवी पडली, गरुडाच्या अंगाशी गेली, आणि तो घाबरून पाइप सोडून बाजूला झाला. नौका वल्हवावी तसे दोन्ही पंख पाण्यावर मारत तो समोरच्या भिंतीशी गेला. तिथं धरायला काहीच नव्हतं. भिंतीवर नख्या ओरखडल्याचा आवाज वरपर्यंत आला. मी फांदी ओढून घेतली.

"निजायची बाज आनतो," आबा म्हणाले. "आमचं कुत्रं पडलं हुतं एकदा, तवा बाजंवरच काढलं हुतं." माझ्या गाडीची किल्ली घेऊन ते निघाले. आबा गाडी चालवतात हे मला तेव्हा कळलं. कच्च्या रस्त्यावर धूळ उडवत ती गाडी जी पळाली तशी मी कधी पळवली नव्हती.

आम्ही दोघं काठावर राहिलो. मी इकडून तिकडे फेऱ्या घालत होतो. रंजना मात्र पालथी झोपली, अगदी काठावर, शाल छातीखाली घेऊन, आणि खाली बघत राहिली. गरुड पुन्हा पाइपाशी आला होता.

"तुमी त्या बाजूला गेलात का तो या बाजूला येतो," ती खाली बघतच म्हणाली. "तुमची सावली परते पान्यात. तिला भितो तो. जरा बसा ना एका जागी."

मी बसलो. खरंच होतं. ऊन माझ्या पाठीमागून येत होतं आणि मी हललो की पाण्यात माझी सावली हलायची. मघाशी फांदी सोडताना मी तिथंच उभा होतो.

आबा परतले तेव्हा गाडीच्या टपावर उलटी बांधलेली बाज होती आणि आत सुमनवहिनी, दोन शेजारी आणि दोरांची भेंडोळी. नायलॉनच्या पट्टीनं विणलेली जुनी बाज. चार पायांना चार दोर बांधले आणि आम्ही चौघा पुरुषांनी ती हळूहळू खाली सोडली. पाण्याला टेकली तशी ती निम्मी बुडाली, पण लाकडामुळे तरंगत राहिली. सगळे एकदम वाकून बघायला लागले. गरुड पुन्हा भिंतीकडे पळाला, आणि या वेळी वाटेतच थकला. डोकं पाण्याखाली गेलं. वर आलं. पुन्हा गेलं.

"मागं व्हा!" रंजना पालथी पडल्या पडल्याच ओरडली. "सगली मागं व्हा! दोर झाराला बांधा न् मागं बसा. कोनी वाकू नका. मी बघतंय ना!"

आबा म्हणजे दोन्ही हात मागे बांधून बोलणारा मोठा माणूस. पण ते मुकाट्यानं मागे झाले. दोर बाभळीच्या बुंध्याला बांधले आणि आम्ही सगळे शाळेतल्या पोरांसारखे ओळीनं खाली बसलो. काठावर फक्त रंजना. तिचं डोकं तेवढं पुढे, तेही शालीनं झाकलेलं. ऊन तिच्या समोरून येत होतं, त्यामुळे तिची सावली मागे आमच्याकडे पडली होती.

आम्हाला काहीच दिसत नव्हतं. फक्त पाण्याचा आवाज. फटक. थांबलं. फटक, फटक. मग काहीच नाही. सुमनवहिनींनी डोळे मिटून ओठ हलवायला सुरुवात केली. मी रंजनाच्या पाठीकडे बघत होतो. ती श्वास रोखून आहे हे पाठीवरून कळत होतं.

मग तिनं एक हात मागे नेला आणि बोटं उघडमीट केली. मला अर्थ कळला नाही. तिनं मान न वळवता, अगदी हलक्या आवाजात सांगितलं, "आला. पट्टीत नखं घातलीत. आता घाई नको. त्याला वर चरू द्या नीट." चरू म्हणजे चढू. शेजाऱ्यांपैकी एकाला ते गवत खाणं वाटलं आणि तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "हां. आता वढा. चारी दोर बरोबर. हलू, हलू."

आम्ही ओढू लागलो. रंजना मध्ये मध्ये सांगत होती, "तुमी थांबा, आबा तुमी जरा जास्त." निम्म्यावर आल्यावर आतून जोराची फडफड झाली आणि माझ्या हातातल्या दोराला असा हिसका बसला की तळवा सोलला. बाज माझ्या बाजूला कलंडली होती. रंजना किंचाळली, "सोरू नका!" मी सोडला नाही. दोन्ही टाचा मातीत रोवल्या. सुमनवहिनी माझ्या मागे येऊन दोराला लागल्या. बाज सरळ झाली. नख्या पट्टीत अडकलेल्या होत्या म्हणूनच तो राहिला, असं तिनं नंतर सांगितलं. नाहीतर गेलाच होता.

बाज काठावर आली, अलगद जमिनीला टेकली, आणि आम्ही सगळे मागे सरलो.

एवढ्या जवळून गरुड मी कधी पाहिला नव्हता. पंख दोन्ही बाजूंना ओल्या कपड्यासारखे लोंबत होते. अंग थरथर कापत होतं. पण डोळे! त्या पिवळ्या डोळ्यांत भीती नव्हती, आभार तर मुळीच नव्हते. तुम्ही सगळे जण आत्ताच्या आत्ता इथून चालते व्हा, असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

वनरक्षकाला फोन केला. तो म्हणाला, पाणी पाजू नका, काही खायला घालू नका, उन्हात राहू द्या, कुत्री जवळ येऊ देऊ नका. वाळला की आपला जाईल. नाही गेला तर मी पोचतोच आहे, दवाखान्यात नेऊ.

मग सुरू झालं ते वाट बघणं. आम्ही लांब एका बोरीखाली बसलो. शेजारी कुत्र्यांना हाकलायला रस्त्यावर जाऊन उभे राहिले. वहिनींनी रानातून कणसं तोडून आणली, आबांनी शेणकुटं पेटवली, आणि त्या निखाऱ्यांवर हुरडा भाजायला घेतला. गरम कणीस हातावर चोळायचं, फुंकर मारायची, हिरवे कोवळे दाणे तळहातावर उरतात. सोबत लसणाची चटणी आणि गूळ. माझा तळवा सोललेला, म्हणून रंजना माझ्यासाठी चोळून देत होती. दोन घास मला, एक तिला. नजर मात्र सगळा वेळ बाजेवर.

कावळे परत आले. एक तर बाजेच्या पायावरच येऊन बसला. रंजना उठली, शाल फिरवत धावली, "हाड! हाड मेल्या!" आणि पायातली चप्पल मागेच राहिली. कावळे पांगले. गरुडानं तिच्याकडे मान फिरवून रोखून बघितलं. ती तिथंच, थोडं अंतर ठेवून, मातीत मांडी घालून बसली. कावळ्यांवर पहारा. वहिनी तिला हुरडा तिथं नेऊन देऊ लागल्या.

मीही जरा वेळानं तिच्यामागे जाऊन बसलो.

"आई शेवटी अशीच बघायची," ती एकदम म्हणाली. "हॉस्पिटलात. राग आल्यासारी. मना वाटायचं, माझ्यावर रागावलीय. मी तिला तिथं नेली म्हनून." ती थांबली. "राग नसंल तो. जीव धरून ठेवायला तसं बघावं लागत आसंल."

तिनं माझ्या सोललेल्या हाताला लागलेली माती पदरानं पुसली.

ऊन चढलं तसा गरुड बदलू लागला. पोटाकडची पिसं पांढरी दिसायला लागली. त्यानं आधी एक पंख उघडून उन्हाकडे धरला, मग दुसरा. चोचीनं पिसं नीट केली. मग बाजेवरून खाली उडी मारली आणि बदकासारखा डुलत चार पावलं चालला. एवढा मोठा शिकारी, पण जमिनीवर चालताना अगदी बावळट दिसत होता. वहिनींना हसू आवरेना. त्यानं पंख मारून बघितले, उचलला गेला, आणि दहा पावलांवर ढेकळांत पालथा पडला.

"नाही होनार," रंजना म्हणाली. तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

तो उठला. चालत चालत बांधावर चढला. डोंगराकडून वारा सुटला होता, त्याच्याकडे तोंड करून उभा राहिला. आम्ही हललो नाही. आबाही उभ्याचे खाली बसले. मग त्यानं पंख पूर्ण उघडले, खालून पांढरेशुभ्र, आणि नुसता पुढे झुकला. ज्वारीच्या कणसांना पोट लागेल इतक्या खालून गेला, वाटलं आता पडणार, पण ज्वारी संपली तिथं तो वर उचलला गेला. एक घिरटी. दुसरी. मग माळाच्या दिशेनं, चढत, चढत.

"गेला बगा," आबा म्हणाले.

रंजना उभी राहून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती. तोंडानं हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. सुमनवहिनींनी येऊन तिला जवळ घेतलं. एका दिवसाची ओळख, पण दोघी कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या.

वनरक्षक आला तेव्हा आम्ही बाज टपावर चढवत होतो. तरुण, धुळीनं माखलेला, मोटारसायकलवर घाईघाईनं आलेला. आम्ही मोबाइलवर काढलेले फोटो बघून खूश झाला, त्यानंही हुरडा खाल्ला. जाताना त्यानं आबांना सांगितलं की विहिरीत एखादी जाड फांदी कायमची बांधून सोडा. पाखरू, मुंगूस, मांजर, काही पडलं तरी धरून बसेल. आबांनी त्याच संध्याकाळी बाभळीचा अख्खा डाहळा तोडून तारेनं बांधून आत सोडला, आणि आसपासच्या इतर विहिरींचंही बघायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी पहाटेच आम्ही माळाच्या त्या टोकाला जाऊन आलो. या वेळी रंजनाला कुणी बसवावं लागलं नाही. ती पुढे बसली आणि दुर्बीण तिच्याकडेच होती. मी डावीकडचं गवत न्याहाळत होतो तेव्हा तिनं माझा खांदा हलवला.

"ते काय पलतंय बघा. कोंबरीच्या पोरासारखं."

दोन धाविक. नांगरटीच्या कडेनं पळत होते, थबकत होते, खाली वाकून काही टिपत होते, पुन्हा पळत होते. डोळ्यांवरची पांढरी भुवई सकाळच्या उन्हात स्वच्छ दिसत होती. इतकी वर्षं ज्यासाठी झुरलो ते दृश्य मी आधी नुसत्या डोळ्यांनीच पाहिलं, कारण दुर्बीण मिळायला बराच वेळ लागला.

परतीच्या वाटेवर ती बोलत होती. वहिनींना उन्हाळ्यात उलव्याला बोलावलंय, त्यांनी खाडी पाहिलेली नाही. कोळंबी कशी सोलायची ते त्यांना दाखवणार आहे. नीलपंख दिसला की "थांबवा गाडी" म्हणत होती आणि मी थांबवत होतो. दुपारी पोचायचे ते आम्ही दिवेलागणीला घरी आलो.

मी पक्षी बघायला गेलो तो पाहिलेल्या पक्ष्यांच्या यादीत एका जातीची भर पडावी म्हणून. भर पडली. पण त्या प्रवासाबद्दल कुणी विचारलं तर मी धाविकाविषयी फारसं बोलत नाही. बोलायचं काम आता आमच्या घरात दुसऱ्या कुणाकडे आहे.

त्याच आठवड्यात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. या वर्षी करायचं नाही असं रंजनानं आधी ठरवलेलं. पण केलं. सोसायटीतल्या बायकांनी हॉल भरला, मला आतल्या खोलीत जावं लागलं. दार लोटलेलं होतं, तरी तिचा आवाज इमारतीच्या खालपर्यंत जात असणार. विहीर सांगून झाली, कावळे झाले. गरुडाचा एक पंख आता आमच्या सोफ्याएवढा होता. थोड्या वेळानं तो दरवाजाएवढा झाला. आठवड्यापूर्वी मी बाहेर जाऊन मापं दुरुस्त केली असती. मी पलंगावर बसून तिळगूळ खात ऐकत राहिलो.

"आणि ताई, भावजी काय करत होते तेव्हा?" कुणीतरी विचारलं.

"हे?" रंजना क्षणभर थांबली. "हे दोर धरून हुते. हाताची साल निघाली, पन सोरला नाय."